हापूसच्या राखणीला अछामची माणसं

गणपतींचं विसर्जन झालं की रत्नागिरी स्टेशनावर मुंबईकडे जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा मिळत नाही. चाकरमानी परत निघालेला असतो. घरांना कुलपं लागतात आणि वाड्या पुन्हा म्हाताऱ्या माणसांच्या स्वाधीन होतात. दिवाळी आटोपता आटोपता याच फलाटावर दुसरी एक गर्दी उतरू लागते, तिच्याकडे मात्र कुणी वळून पाहत नाही. दिल्लीच्या निजामुद्दीनहून येणाऱ्या मंगला एक्सप्रेसच्या जनरल डब्यातून चार-चार, सहा-सहा तरुणांची टोळकी खाली येतात. पाठीला सॅक, काखेत गुंडाळलेलं ब्लँकेट, एखाद्याबरोबर बायको आणि तिच्या कडेवर मूल. बाहेर बागायतदाराची पिकअप उभी असते, नाहीतर पावस, नाटे, जयगड अशा पाट्यांच्या एसट्या. तासा-दोन तासांत ही माणसं कातळावरच्या आंब्याच्या बागांत पोचतात आणि पुढचे सात महिने तिथेच राहतात.

रत्नागिरीत त्यांना सरसकट ‘गुरखे’ म्हणतात. ब्रिटिशांनी १८१५ सालापासून पलटणीत भरती केलेले गुरखे प्रामुख्याने मगर, गुरुंग, राई, लिंबू या जमातींचे. हापूसच्या बागेत येणारा माणूस बहुतेक वेळा नेपाळच्या पश्चिम टोकाचा असतो. अछाम, बझांग, बाजुरा, डोटी, कैलाली किंवा कर्णालीतला दैलेख. जातीने क्षत्री, ठकुरी किंवा दलित. सैन्याशी त्याच्या घराण्याचा संबंध असेलच असं नाही. पण नेपाळी म्हणजे इमानी पहारेकरी हा समज इतका मुरला आहे की बाग राखायला आलेला प्रत्येक जण गुरखाच ठरतो.

कायद्याच्या भाषेत हा परदेशी शेतमजूर आहे. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये असा मजूर आणायचा तर व्हिसा, कोटा, परवानाधारक एजन्सी, कामगार खात्याचं प्रमाणपत्र अशी सगळी माळ ओढावी लागते. रत्नागिरीच्या बागायतदाराला एक फोन पुरतो. याचं कारण ३१ जुलै १९५० रोजी काठमांडूत सह्या झालेला भारत-नेपाळ शांतता आणि मैत्री करार. त्याच्या सातव्या कलमाने दोन्ही देशांनी एकमेकांच्या नागरिकांना राहणं, मालमत्ता घेणं, व्यापार करणं आणि फिरणं यांबाबत समान सवलती दिल्या. नेपाळी माणसाला भारतात यायला व्हिसा लागत नाही, कामाचा परवाना लागत नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून देशात परदेशी नागरिकांविषयीचा नवा कायदा लागू झाला, तेव्हाही नेपाळ आणि भूतानच्या लोकांची ही सूट कायम राहिली.

माणूस आणायची वेळ का आली, याचं उत्तर जनगणनेत आहे. २००१ साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजार ७७७ होती. २०११ साली ती १६ लाख १५ हजार ०६९ झाली. देश वाढत असताना हा जिल्हा ८० हजारांहून अधिक माणसांनी आटला. शेजारच्या सिंधुदुर्गातही घटच झाली. त्याच जनगणनेत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, राज्यात सर्वाधिक. यावर मुलींच्या स्वागताची भाषणं झाली. पण आकड्याचा मोठा भाग एवढाच की कर्ते पुरुष मुंबईत होते. गिरण्यांच्या काळापासून मनीऑर्डरवर चाललेला जिल्हा तो. १९८२च्या संपानंतर गिरण्या मोडल्या, तरी गेलेली माणसं कायमची परतली नाहीत. त्यांच्या मुलांनी ऑफिसं, टॅक्स्या, हॉटेलं आणि आखाती देश गाठले.

आणि नेमक्या याच काळात बागा वाढल्या. १९९० साली राज्य सरकारने रोजगार हमी योजनेशी फळबाग लागवड जोडली आणि कोकणातल्या वरकस जमिनींवर अनुदानातून आंबा-काजूची कलमं उभी राहिली. रत्नागिरी जिल्ह्यात आंब्याखालचं क्षेत्र आज साठ हजार हेक्टरांच्या वर आहे. हेक्टरी शंभर कलमं धरली तरी झाडांची संख्या जिल्ह्यातल्या माणसांच्या कितीतरी पट होते. झाड लावायला अनुदान मिळालं. त्या झाडाखाली रात्री कोण झोपणार, याची सोय योजनेत नव्हती. ती सोय बागायतदारांनी आपली आपण शोधली, सुमारे दोन हजार किलोमीटर लांब.

बागेचं वर्ष आणि नेपाळचं वर्ष कसं जुळतं ते पाहण्याजोगं आहे. दशैं आणि तिहार, म्हणजे आपला दसरा आणि दिवाळी, घरी करून हा माणूस निघतो. कार्तिकात गवत वाळलेलं असतं, तेव्हा बागेत पहिलं काम बेणणीचं. झाडाखालचं रान साफ करायचं, वणवा आत येऊ नये म्हणून हद्दीवर जाळरेषा काढायची. थंडी पडली की पालवी आणि मोहोर. मोहोरावर तुडतुडे येतात, हल्ली फुलकिडेही येतात, म्हणून फवारण्या सुरू होतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं वेळापत्रक सहा फवारण्यांचं आहे. कीड हाताबाहेर गेली की बागायतदार त्यापुढेही जातो. फळ सुपारीएवढं झाल्यापासून राखण. मार्च ते मे काढणी. आणि मृगाचा पाऊस पडायच्या आत परतीची गाडी, कारण नेपाळात असारात, म्हणजे आपल्या आषाढाच्या सुमारास, भाताची रोपणी असते. तिथे असार महिन्याची पंधरा तारीख धान दिवस म्हणून साजरी होते. कोकणातला शेतकरी लावणीसाठी चिखलात उतरतो, त्याच पंधरवड्यात त्याचा गुरखा अछामच्या डोंगरउतारावरच्या खाचरात उभा असतो.

राखण हा शब्द ऐकायला आरामाचा वाटतो. बागेतल्या मांगराशी, म्हणजे राखणदाराच्या खोपटाशी, एक दिवस काढला की तो भ्रम जातो. पहाटे उजाडायच्या आधी वांदरांची टोळी येते. काळ्या तोंडाची आली तर झाड हलवून निम्मी फळं पाडतात, लाल तोंडाची आली तर एकेक फळ चावून टाकतात. त्यांच्यामागे बेचकी घेऊन पळायचं, डबा वाजवायचा, फटाका लावायचा. टोळी या हद्दीतून त्या हद्दीत जाते आणि शेजारच्या बागेतला गुरखा तिला परत इकडे हाकलतो. दुपारी वारा सुटला की पडलेली फळं गोळा करायची. रात्री चोर, डुकरं, अधूनमधून बिबट्या. बागेचा चढ असा की एक फेरी मारायची म्हणजे एक डोंगर उतरून पुन्हा चढणं. या कामाला डोंगरी माणूस हवा हे बागायतदारांनी बरोबर ओळखलं.

काढणीचं कसब तर शिकवूनच येतं. हापूस चौदा आणे तयार झाला की काढायचा; त्याआधी काढला तर पिकताना सुरकुततो, जास्त ठेवला तर आत साका धरायची भीती. लांब बांबूच्या टोकाला जाळी आणि पातं असलेला झेला घेऊन माणूस फांदीवर उभा राहतो. फळ देठासकट जाळीत घ्यायचं. देठ मुळाशी तुटला तर चीक सालीवर ओघळतो, डाग पडतो आणि वाशीच्या बाजारात तो आंबा दुय्यम ठरतो. हाच चीक काढणाऱ्याच्या मनगटावर पडला तर कातडी भाजते. दोन हंगाम जुन्या गुरख्याच्या हातावर असे काळसर डाग हमखास सापडतात. ऊन चढायच्या आत काढणी थांबवायची, मग सावलीत प्रतवारी, क्रेट डोक्यावर घेऊन चढ चढून रस्त्याला आणायचे, पिकअप भरायची. ज्या पेटीवर २०१८ साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनाची मोहर लागते, ती पेटी भरणारा हात बहुतेक वेळा दुसऱ्या देशाचा असतो. मानांकन मातीला आणि वाणाला मिळतं, त्यामुळे त्यात चूक काही नाही. पण जाहिरातीतला धोतर-टोपीवाला कोकणी शेतकरी पाहताना हे लक्षात असलेलं बरं.

भरतीची पद्धत जगातल्या कुठल्याही सरकारी योजनेपेक्षा साधी आहे. नवरात्राच्या आसपास बागायतदार जुन्या गुरख्याला फोन लावतो. संभाषण मोडक्या हिंदीत. यंदा मोहोर कसा येईलसं वाटतंय, किती माणसं हवीत, गेल्या वर्षीचा तो पोरगा येणार का, पगार किती वाढवायचा. ठरलं की गाडीभाड्याची उचल पाठवली जाते. जुना गुरखा आपल्याच गावातली, आपल्याच भावकीतली पोरं गोळा करून आणतो, आणि त्यांच्या वागणुकीचा जामीनही तोच असतो. महेंद्रनगरजवळच्या गड्डाचौकीतून किंवा धनगढीच्या नाक्यावरून सीमा ओलांडायची, मग बसने दिल्ली, तिथून रेल्वे. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि हा प्रवास एका गाडीच्या तिकिटावर आला. कोकण रेल्वेने चाकरमान्यांना गावाशी जोडलं हे सगळेच सांगतात. तिने पावसला अछामशीही जोडलं.

पलीकडची बाजू मराठी वाचकाला फारशी ठाऊक नसते. नेपाळच्या सुदूरपश्चिमेत डोंगरउताराची जमीन तुकड्या-तुकड्यांची आहे आणि अनेक घरांत तिचं पीक सहा महिनेही पुरत नाही. हिवाळा आला की पुरुष खाली उतरायचे ही तिथली पिढ्यांची रीत. भारतात कामाला जाण्याला तिकडे ‘काला पहाड जाणं’ म्हणतात. आखातात किंवा मलेशियात जायचं तर दलालाला लाख-दीड लाख मोजावे लागतात, कर्ज काढावं लागतं. भारतात यायला तिकिटाचे पैसे पुरतात. म्हणून ज्याच्याकडे कर्ज मिळवायचीही पत नाही, तो काला पहाडाकडे येतो. नेपाळी स्थलांतरितांतला सगळ्यात गरीब माणूस आपल्या वाट्याला येतो तो असा.

त्याची मोजदाद कुठेच नीट होत नाही, आणि त्याचं कारण गमतीचं आहे. परदेशी रोजगारासाठी नेपाळ सरकार वर्षाला सात लाखांहून अधिक श्रम परवाने देतं. पण भारतात येणाऱ्याला तो परवाना लागतच नाही, त्यामुळे तो यादीत नाही, आणि परवान्याबरोबर येणारा विमा आणि कल्याण निधीही त्याला नाही. नेपाळच्या २०११च्या जनगणनेत १९ लाख २१ हजार लोक देशाबाहेर असल्याची नोंद झाली आणि त्यांतले सुमारे ३८ टक्के भारतात होते. पण ती गणना जूनमध्ये झाली, म्हणजे हापूसचा राखणदार रोपणीसाठी घरी परतल्यावर. तिथे तो घरचाच दिसला. आपली जनगणना त्याच वर्षी फेब्रुवारीत झाली, तेव्हा तो मोहोरावर फवारणी करत होता. गणनेचा मास्तर गावातली घरं करत असताना डोंगरावरच्या मांगरापर्यंत किती ठिकाणी चढला असेल, हे ज्याला कोकणातली चढण ठाऊक आहे त्याने ठरवावं.

पैशाचा व्यवहार हा या सगळ्यातला नाजूक भाग. पगार महिन्यावर ठरतो. तांदूळ, डाळ, तेल, मीठ असा शिधा बहुतेक बागांत मालकाकडून. आठवड्याला थोडी खर्ची हातात पडते. उरलेला पगार हंगाम संपल्यावर एकरकमी. बागायतदाराच्या बाजूने याला कारण आहे. त्यालाही वाशीच्या आडतदाराकडून पैसे शेवटी मिळतात, आणि मार्चमध्ये पूर्ण हिशेब केला तर ऐन काढणीत माणूस शेजारच्या बागेत जास्त पगारावर जाणार नाही याची खात्री काय? उचल घेऊन आलेच नाहीत, किंवा एका रात्रीत मांगर रिकामा करून गेले, असे किस्से प्रत्येक बागायतदाराकडे आहेत. गुरख्यांकडे दुसरे किस्से आहेत. वर्ष वाईट गेलं म्हणून हिशेब तोडला, कराराने बाग घेतलेला व्यापारी मे अखेरीला फोनच उचलत नाही. दोन्ही प्रकारचे किस्से खरे असतात. फरक एवढाच की पहिल्या प्रकारात बागायतदाराची उचल बुडते, दुसऱ्यात एका घराचं वर्ष बुडतं.

पगार राखून ठेवण्याची ही रीत जगाने पूर्वी पाहिली आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतले शेतमजूर कारखान्यांत आणि सैन्यात गेले, तेव्हा १९४२ साली अमेरिकेने मेक्सिकोशी करार करून ‘ब्रासेरो’ नावाने हंगामी मजूर आणायला सुरुवात केली. १९६४ पर्यंत सुमारे ४६ लाख करारांवर सह्या झाल्या. सुरुवातीच्या वर्षांत मजुरांच्या पगारातले दहा टक्के बचत म्हणून कापून मेक्सिकोच्या बँकांत जमा केले जात, परतल्यावर मिळतील या बोलीवर. हजारोंना ते कधीच मिळाले नाहीत आणि म्हातारे ब्रासेरो पुढे पन्नास-साठ वर्षांनी मोर्चे काढत राहिले. त्या योजनेत सह्या होत्या, शिक्के होते, दोन सरकारं होती. तरीही हे झालं.

आज अमेरिकेत एच-टू-ए नावाच्या व्हिसावर वर्षाला तीन लाखांच्या आसपास हंगामी शेतमजूर येतात. मालकाला त्यांना फुकट घर द्यावं लागतं, प्रवासखर्च द्यावा लागतो आणि ठरलेल्या मुदतीच्या किमान तीन चतुर्थांश दिवसांचं काम देण्याची हमी द्यावी लागते. वाचायला छान आहे. पण तो मजूर एकाच मालकाशी बांधलेला असतो. मालक वाईट निघाला तर शेजारच्या शेतावर जाता येत नाही, घरीच परतावं लागतं. ब्रिटनने २०१९ पासून स्ट्रॉबेरी आणि सफरचंदं तोडायला सहा महिन्यांचा व्हिसा सुरू केला, त्यावर नेपाळीही गेले, आणि जाण्यासाठी दलालांची कर्जं डोक्यावर घेऊन गेले. इटलीत लातिना परिसरात शेतावर राबणाऱ्या सतनाम सिंग या पंजाबी मजुराचा २०२४ साली यंत्रात हात तुटला; मालकाने त्याला इस्पितळात नेण्याऐवजी घराजवळ टाकून दिलं आणि तो मेला. तो विनाकागद होता.

या पार्श्वभूमीवर रत्नागिरीची व्यवस्था एकदम वाईट म्हणवत नाही. इथे दलाल नाही, कर्ज नाही, हद्दपारीची टांगती तलवार नाही. पटलं नाही तर माणूस उठून दुसऱ्या बागेत जाऊ शकतो, आणि जातो. वीस-वीस वर्षं एकाच बागेत येणारे, मालकाच्या मुलीच्या लग्नात वाढायला उभे राहणारे गुरखेही आहेत. कागद नसण्याने त्याला ही मोकळीक दिली आहे. तोच कागद नसल्याची किंमत मोजावी लागते ती अपघात झाल्यावर.

अपघाताची ठिकाणं सगळ्यांना माहीत आहेत. जांभ्याच्या कातळावर फुरसं असतं. हातभर लांबीचा, दगडाच्या रंगाचा विषारी साप, पाचोळ्यात दिसतच नाही. गवत काढणारा हात आणि रात्री फिरणारा पाय त्याच्या वाटेत येतो. आंब्याची फांदी वरून भक्कम दिसते आणि आतून भिरुडाने पोखरलेली असते. फवारणीत मास्क, हातमोजे, चष्मा ही त्रयी पोस्टरवर असते. एप्रिलच्या उकाड्यात पंपाच्या नळीमागे धावणाऱ्या माणसाच्या तोंडावर बहुधा फडकं असतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा राज्य हादरलं होतं. तेव्हापासून फवारणीच्या सूचना सगळीकडे छापल्या जातात, मराठीत. अछामचा माणूस देवनागरी वाचू शकतो, एवढी तरी त्यात सोय.

शेतकऱ्याच्या अपघातासाठी राज्याची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची सानुग्रह अनुदान योजना आहे. मृत्यू झाला तर कुटुंबाला दोन लाख. पण ती सातबाऱ्यावरचा खातेदार आणि त्याच्या कुटुंबातला एक सदस्य यांच्यासाठी. बागेतला मजूर तिच्यात नाही. नेपाळी मजुराचा तर प्रश्नच येत नाही. १९७९चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आणलेल्या कामगारासाठी होता, म्हणजे ओडिशाचा वीटभट्टी कामगार त्याच्या व्याख्येत बसे, बझांगचा राखणदार बसत नसे. दोन्ही देशांत खुलेपणाने फिरू शकणारा माणूस दोन्हीकडच्या कायद्यांच्या मधल्या फटीत राहतो. झाडावरून पडून कंबर मोडली तर मालकाच्या मनावर. अनेक बागायतदार पदरमोड करून कोल्हापूरपर्यंत नेतात. काही जण गाडीभाडं हातावर ठेवतात.

२०२०चा हंगाम या व्यवस्थेने एकदा आरशात पाहावा तसा होता. २३ मार्चला नेपाळने सीमा बंद केली, दुसऱ्या दिवशी रात्री भारतात टाळेबंदी लागली. झाडं फळांनी लगडलेली, बाजार बंद, वाहतूक ठप्प. बागेत असलेली माणसं बागेतच अडकली. एका परीने सुरक्षित, कारण मांगराला शेजार नसतो. तिकडे दार्चुल्याजवळ महाकाली नदीच्या पुलापाशी भारतातून परतलेले शेकडो नेपाळी मजूर आपल्याच देशाचं दार उघडायची वाट पाहत बसले होते. काहींनी नदीत उड्या टाकून पलीकडचा काठ गाठला आणि तिथल्या पोलिसांनी त्यांना धरलं. रत्नागिरीतल्या गुरख्यांचा हंगाम संपला तरी गाडी नव्हती. त्यातच ३ जूनला निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडच्या बागा आडव्या केल्या. वर्षभराने, १६ मे २०२१ला, ऐन काढणीत तौक्ते आलं.

मुलांचं वेगळंच. कुटुंबासह येणाऱ्यांची मुलं जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊ लागतात. पट कमी झाल्याने ज्या शाळांवर टांगती तलवार आहे तिथे गुरुजी त्यांना आनंदाने घेतात. शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाचा आहे, तो नागरिकत्व विचारत नाही. पोरं दोन महिन्यांत अस्सल मराठी बोलू लागतात, त्यातही रत्नागिरीच्या हेलात. अडचण कॅलेंडरची आहे. आपली शाळा जूनमध्ये सुरू होते, तेव्हा मूल नेपाळात. नेपाळचं शैक्षणिक वर्ष वैशाखात, एप्रिलच्या मध्याला सुरू होतं, तेव्हा मूल बागेत. दोन्ही शाळांत नाव आणि दोन्हीकडे अर्धं वर्ष गैरहजर. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी राज्याने हंगामी वसतिगृहं काढली, त्यांचा चांगला-वाईट अनुभव आहे. बागेतल्या मुलांसाठी निदान नोव्हेंबर ते मे असा एक अभ्यासक्रमाचा तुकडा करून देणं कुठल्याही शिक्षणाधिकाऱ्याच्या आवाक्यातलं आहे.

पोलिसांना हे सगळे लोक आठवतात ते गुन्हा घडल्यावर. दर हंगामात आवाहन निघतं की बागायतदारांनी आणि नौकामालकांनी आपल्याकडच्या नेपाळी कामगारांची माहिती ठाण्यात द्यावी. नौकामालक म्हणायचं कारण असं, की मिरकरवाडा बंदरातल्या बोटींवरही नेपाळी खलाशी आहेत; ज्या देशाला समुद्रच नाही तिथली पोरं ऑगस्टपासून मे अखेरपर्यंत अरबी समुद्रात जाळी ओढतात. माहिती दिली जाते, अर्धवट. कित्येक बागांच्या वहीत नाव ‘बहादूर’ एवढंच असतं. दुसऱ्याचं नाव ‘छोटा बहादूर’. माणूस बेपत्ता झाला किंवा मेला, तर त्याच्या घरी कळवायला गाव कोणतं, जिल्हा कोणता, हे त्याच्याबरोबर आलेल्या पोरांना विचारावं लागतं. पोलिसांची नोंद संशयापोटी आहे. ती हक्कापोटी झाली असती तर बागायतदारही अधिक उत्साहाने करते आणि गुरखाही.

परक्या मुलखात हंगामाला राबणं रत्नागिरीला नवं नाही, आणि म्हणूनच इथली बेफिकिरी थोडी खटकते. १८३४ नंतर मुंबई बंदरातून मॉरिशसला उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मराठी गिरमिटियांत रत्नागिरी जिल्ह्याची माणसं पुष्कळ होती. पाच वर्षांचा करार, ठरलेली मजुरी, ठरलेला शिधा. तो कागद गुलामगिरीच्या जवळ जाणारा होता, तो मोडला तर मजुरालाच तुरुंग होई. पण त्यावर नाव होतं, बापाचं नाव होतं, गाव होतं. त्या नोंदी मॉरिशसमध्ये मोका इथे जपल्या आहेत आणि त्यांच्या आधारे मॉरिशसची मराठी कुटुंबं आज आपलं मूळ गाव शोधत कोकणात येतात. दीडशे वर्षांपूर्वीचा मळेवाला जेवढं लिहून ठेवत होता, तेवढंही आजच्या बागेच्या वहीत नाही.

आणि आज? २०२४ साली महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केला, इथली कुशल मुलं तिकडे पाठवायला. मुलाला तिकडे पगार किती, विमा कोणता, राहायचं कुठे, आजारी पडला तर कोण पाहणार, हे आई-बाप खोदून खोदून विचारतात. विचारायलाच हवं. तेच प्रश्न अछामच्या आई-बापांनाही पडत असतील. त्यांचं कुणी ऐकायला बसलेलं नाही एवढंच.

बागायतदाराने मजुराची ही काळजी दयेपोटी घ्यावी असं नाही. माणूस मिळेनासा होण्याची चिन्हं स्पष्ट आहेत. नेपाळी तरुणाला आता कोरिया, जपान, कतार, मलेशिया दिसतात. कोरियात शेतीच्या हंगामी कामालाही नेपाळी जातात. ८ आणि ९ सप्टेंबर २०२५ला काठमांडूत तरुणांचा उद्रेक झाला, सत्तरहून अधिक माणसं मेली, सरकार पडलं. त्याच्या मुळाशी भ्रष्टाचाराबरोबर हीच चीड होती की कामासाठी देश सोडावा लागतो. उद्या तिथे रस्ते झाले, रोजगार आला, किंवा नुसती विमानाची तिकिटं स्वस्त झाली, तरी जनरल डब्यातली गर्दी ओसरेल. पुढच्या पिढीचा गुरखा सात महिने फोनला रेंज नसलेल्या मांगरात, संडासाशिवाय राहणार नाही. चांगल्या खोल्या बांधून देणाऱ्या, सोलर दिवा आणि पाण्याची टाकी बसवलेल्या बागांत जुनी माणसं टिकून आहेत, हे बागायतदार स्वतःच सांगतात.

कायदा बदलायला दिल्ली-काठमांडू लागेल, ते रत्नागिरीच्या हातात नाही. जिल्ह्याच्या हातात जे आहे ते थोडकं आहे आणि स्वस्त आहे. आंबा उत्पादकांच्या संघांनी आणि सोसायट्यांनी आपापल्या सभासदांच्या मजुरांचा सामूहिक अपघात विमा उतरवावा. हप्ता पेटीमागे काढला तर रुपया-दोन रुपयांच्या पुढे जायचा नाही. फेब्रुवारी २०२७ मध्ये जनगणनेचे प्रगणक घरोघरी फिरतील. ग्रामपंचायतींनी त्यांना मांगरांची यादी आधीच काढून द्यावी. आणि बागायतदारांनी यंदाच्या फोनवर पगाराबरोबर आणखी चार गोष्टी विचारून घ्याव्यात: पूर्ण नाव, नागरिकत्वाच्या दाखल्याचा क्रमांक, घरच्या माणसाचा फोन आणि हिशेबाची तारीख. हे सगळं एका कागदावर दोन प्रतींत लिहावं, आणि एक प्रत त्याच्या खिशात द्यावी.